काळ्या भुकटीचे माप

नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर जेथे रामटेकचा फाटा फुटतो, त्या मनसरच्या परिसरात, आणि तेथून पश्चिमेस गुमगावपासून पूर्वेस भंडारा जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्गपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात, जे जड व काळसर खनिज जमिनीच्या पोटात साठलेले आहे, त्याने या प्रदेशाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा आर्थिक इतिहास बऱ्याच अंशी घडविला आहे. १८९६ साली मध्य प्रांतात खनिजशोधासाठी एक ब्रिटिश मंडळी स्थापन झाली, पुढे तिला मँगनीजच्या खाणींचे पट्टे मिळाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथील खनिज रेल्वेने बंदरावर व तेथून परदेशी पोलादाच्या भट्ट्यांकडे जाऊ लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मोर यांनी १९०९ साली या खनिजसाठ्यांवर जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात येथील मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले आणि या भूमीच्या मूळ रहिवाशांचे नाव भूविज्ञानाच्या परिभाषेत कायमचे दाखल झाले. १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य दप्तर आजही नागपुरातच आहे.

त्याच्या पुष्कळ आधी, कामठीचे जमीनदार, व्यापारी व खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली आपल्या मृत्युपत्रान्वये स्थावर व जंगम मालमत्तेचा मोठा भाग, सुमारे ३५ लाख रुपये, उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांच्या अध्यापनासाठी नागपूर विद्यापीठाच्या हवाली केला, आणि त्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. त्या वेळचे ३५ लाख म्हणजे किती मोठी रक्कम होती याची कल्पना आजच्या वाचकाला सहजासहजी येणार नाही. धर्मशाळा, घाट व देवालये यांना देणग्या देण्याचा प्रघात असलेल्या समाजात एका गृहस्थाने आपली दौलत रसायनशास्त्रासारख्या विषयाला वाहावी, ही घटना माझ्या मते विदर्भाच्या विद्याविषयक इतिहासात फार मोलाची आहे, आणि तिची आठवण आजच्याहून पुष्कळ अधिक ठेवली गेली पाहिजे.

मँगनीजचे बहुतेक खनिज पोलादाच्या कामी लागते. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साईड मात्र विजेरीच्या कोरड्या घटांसाठी वापरले जाते, आणि विद्युत्-विच्छेदनाने अत्यंत शुद्ध डायऑक्साईड तयार करण्याचा कारखानाही तेथेच आहे. परंतु टनांनी मोजल्या जाणाऱ्या या व्यवहारापलीकडे त्या काळ्या भुकटीचा आणखी एक गुण आहे, ज्यासाठी ती शेकडो प्रयोगशाळांच्या फडताळांत छोट्या बाटल्यांतून ठेवलेली असते. हायड्रोजन पेरॉक्साईडच्या निवळशंख विद्रावात ती चिमूटभर टाकली, की क्षणापूर्वी निश्चल असलेला तो विद्राव फसफसू लागतो आणि त्यातून ऑक्सिजन वायूचे बुडबुडे उसळून वर येतात. विक्रिया आटोपल्यावर विद्राव गाळून ती भुकटी धुऊन, वाळवून तोलली, तर तिचे वजन पूर्वीइतकेच भरते. लुई झाक तेनार या फ्रेंच रसायनज्ञाने १८१८ साली हायड्रोजन पेरॉक्साईडचा शोध लावला, तेव्हाच त्याच्या ध्यानात आले होते, की काही धातू व धातूंची ऑक्साईडे स्वतः न बदलता या द्रव्याचे विघटन घडवून आणतात. अशा विखुरलेल्या निरीक्षणांना एका सूत्रात ओवून, १८३५ साली स्वीडनच्या बर्झीलियस यांनी त्या सर्वांना एकच नाव दिले. त्यालाच आपण उत्प्रेरण म्हणतो, आणि ते घडवून आणणाऱ्या द्रव्याला उत्प्रेरक.

उत्प्रेरक विक्रियेत खर्ची पडत नाही, हे विधान शाळेत प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. विधान खरे आहे. पण त्यातून एक चुकीचा निष्कर्ष फार सहज काढला जातो, आणि तो असा, की जे द्रव्य खर्चच होत नाही त्याची मात्रा कमी असली काय आणि अधिक असली काय, परिणाम सारखाच. पाठ्यपुस्तकांत ‘उत्प्रेरकाचा अल्पसा अंश पुरतो’ असे जे वाक्य असते, ते या समजाला खतपाणी घालते. वस्तुस्थिती अशी आहे, की उत्प्रेरकाची मात्रा हा विक्रियेच्या वेगाचा एक प्रमुख नियंता आहे. त्या नियंत्रणाचे नियम काय, ते कोठपर्यंत चालतात आणि कोठे थांबतात, हा या प्रकरणाचा विषय होय.

विचाराच्या सोयीसाठी मँगनीज डायऑक्साईड थोडा वेळ बाजूला ठेवू. ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही त्याच्या संहतीविषयी काटेकोरपणे बोलता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साईडचे विघटन करणारा, पाण्यात पूर्ण विरघळणारा असा एक उत्प्रेरक आहे, तो म्हणजे पोटॅशियम आयोडाईड. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पेरॉक्साईडच्या बाटलीवर १० किंवा २० आकारमानाची नोंद असते, तिचा अर्थ असा, की त्या विद्रावाचे पूर्ण विघटन झाले तर एक घनसेंटिमीटर विद्रावातून अनुक्रमे १० किंवा २० घनसेंटिमीटर ऑक्सिजन मिळेल. १० आकारमानाचा विद्राव वजनाने सुमारे ३ टक्के तीव्रतेचा असतो. असा ५० घनसेंटिमीटर विद्राव शंकुपात्रात घेऊन, त्यात आयोडाईडचा मोजका विद्राव घालून, बाहेर पडणारा वायू नळीवाटे पाण्याने भरलेल्या पालथ्या मोजपात्रात जमा केला आणि दर मिनिटास त्याचे आकारमान टिपून ठेवले, तर विक्रियेची एक रोजनिशीच हाती येते. आता हाच प्रयोग आयोडाईडची संहती दुप्पट करून, मग तिप्पट करून, बाकी सर्व बाबी जशाच्या तशा ठेवून केला, तर पहिल्या काही मिनिटांत जमणारा वायूही त्याच प्रमाणात दुप्पट व तिप्पट भरतो. म्हणजे वेग उत्प्रेरकाच्या संहतीशी सम प्रमाणात राहतो. परंतु शेवटी जमलेल्या एकूण वायूचे आकारमान पाहावे, तर ते तिन्ही वेळा ५०० घनसेंटिमीटरच्या आसपासच असते. उत्प्रेरक वाढविल्याने ऑक्सिजनची एक कवडीही अधिक मिळत नाही. जे उशिरा मिळावयाचे ते लवकर मिळते, एवढेच.

हा भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे. उभयदिश विक्रियेत, म्हणजे जी पुढेही जाते व मागेही फिरते अशा विक्रियेत, उत्प्रेरक दोन्ही दिशांचे वेग सारख्याच पटीने वाढवितो. म्हणून समतोल जेथे व्हावयाचा तेथेच होतो, फक्त तो लवकर प्रस्थापित होतो. उत्प्रेरकाची मात्रा दहा पट करून कोणालाही समतोलाची जागा तसूभर हलविता आलेली नाही, आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम जोपर्यंत अबाधित आहे तोपर्यंत ती हलविता येणारही नाही.

सम प्रमाणाचे हे नाते का असावे, याचा उलगडा विक्रियेच्या अंतरंगात डोकावल्यावर होतो. आयोडाईडचा आयन प्रथम पेरॉक्साईडच्या रेणूशी गाठ घेतो, त्यातून पाणी व हायपोआयोडाईट आयन तयार होतात, आणि हा हायपोआयोडाईट लगेच दुसऱ्या पेरॉक्साईड रेणूवर विक्रिया करून ऑक्सिजन व पाणी देतो आणि आयोडाईड पुन्हा मोकळा होतो. यांपैकी पहिली पायरी मंद आहे व दुसरी जलद, आणि कोणत्याही क्रमवार कामाचा एकंदर वेग त्यातील सर्वांत मंद पायरीच ठरविते. मंद पायरीत एक आयोडाईड व एक पेरॉक्साईड यांची टक्कर व्हावी लागते, आणि आयोडाईडचे आयन दुप्पट झाले की अशा टकरींची संख्या दुप्पट होते. आयोडाईड शेवटी जसाच्या तसा परत मिळतो हे खरे असले, तरी विक्रिया चालू असताना तो प्रत्येक क्षणी कामावर हजर असतो, आणि हजर असणाऱ्यांची संख्याच वेग ठरविते. टकरींची आणखी एक बाजू येथे नोंदविण्यासारखी आहे. उत्प्रेरकाविना पेरॉक्साईडच्या विघटनाला दर मोलमागे सुमारे ७५ किलोज्यूल एवढा ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो, तर आयोडाईडच्या सान्निध्यात तो सुमारे ५६ किलोज्यूलवर येतो. बाकीच्या गोष्टी सारख्या धरल्या तर नेहमीच्या तपमानाला एवढ्या तफावतीने वेग सुमारे दोन हजार पटींनी वाढतो. उंबरठा किती खाली येणार हे उत्प्रेरकाच्या जातीवर अवलंबून असते. खाली आलेल्या उंबरठ्यावरून दर क्षणी किती रेणू पार होणार, हे त्याच्या मात्रेवर.

उत्प्रेरक मुळीच नसतानाही विक्रिया अगदी मंदपणे चाललेलीच असते, म्हणून बाटलीतले पेरॉक्साईड वर्षभरात आपोआप कमजोर होते. त्यामुळे संहती आडव्या अक्षावर व वेग उभ्या अक्षावर मांडून जो आलेख काढावा, तो सरळ रेषेचा असला तरी शून्यातून न निघता किंचित वरून निघतो. बारकाईने प्रयोग करणाऱ्याने हा शून्य मात्रेचा प्रयोग कधी टाळू नये. ताळेबंदात आरंभीची शिल्लक न धरता जमाखर्च मांडण्यासारखी ती चूक ठरेल.

वेगाचे माप घेण्याची ही विद्या फार जुनी नाही. लुडविग विल्हेल्मी या जर्मन वैज्ञानिकाने १८५० साली उसाच्या साखरेचा विद्राव अम्लात ठेवून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत होणारे रूपांतर ध्रुवणमापकाच्या साहाय्याने क्षणोक्षणी मोजले, तेव्हा रासायनिक विक्रियेच्या वेगाला प्रथमच गणिताचे रूप मिळाले. साखरेचा विद्राव प्रकाशाचे ध्रुवणप्रतल उजवीकडे वळवितो, आणि तिचे विघटन पूर्ण झाल्यावर मिश्रण ते डावीकडे वळवू लागते. म्हणून पात्राला हात न लावता, केवळ प्रकाशाचा कोन वाचून, आत किती साखर उरली आहे हे सांगता येते. या विक्रियेत अम्ल हा उत्प्रेरक आहे. पुढे व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी हाच विचार उलटा फिरविला. साखरेच्या विघटनाचा वेग जर अम्लातील हायड्रोजन आयनांच्या मात्रेवर अवलंबून असेल, तर वेग मोजून त्यावरून अम्लाचे बळ ठरविता आले पाहिजे. आणि त्यांनी अनेक अम्लांची प्रतवारी अशा रीतीने लावून दाखविली. सिरका व गंधकाम्ल यांची सारखी संहती घेतली तरी त्यांच्या उत्प्रेरक सामर्थ्यात जमीन-अस्मानाचे अंतर का पडते, याचे उत्तर येथे मिळते: बाटलीत ओतलेल्या अम्लाची संहती आणि प्रत्यक्ष कामावर असणाऱ्या आयनांची संहती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ओस्टव्हाल्ट यांना १९०९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात उत्प्रेरणावरील या कार्याचा मोठा वाटा होता.

आता पुन्हा काळ्या भुकटीकडे वळू. मँगनीज डायऑक्साईड विद्रावात विरघळत नाही, आणि पेरॉक्साईडचा रेणू त्याच्या पृष्ठभागाशी आला तरच त्याचे विघटन होते. खड्याच्या पोटातील द्रव्य विक्रियेच्या दृष्टीने असून नसून सारखे. म्हणून येथे संहतीचे स्थान पृष्ठभागाचे क्षेत्रफळ घेते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती खड्याचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. तोच खडा दळून एक दशांश मिलिमीटर बाजूचे कण केले, तर दहा लक्ष कण होतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर होतो. वजन एका गुंजेनेही न वाढता कामाची जागा शंभर पट झाली. डायऑक्साईडचे वजन दुप्पट केल्याने वेग दुप्पट होतो हे विधान म्हणूनच एका अटीवर खरे आहे, ती अट अशी की दोन्ही वेळा भुकटी एकाच चाळणीतून काढलेली, एकाच जातीची असावी. खाणीतून निघालेले नैसर्गिक खनिज, प्रयोगशाळेत अवक्षेपित केलेले डायऑक्साईड आणि विद्युत्-विच्छेदनाने बनविलेले डायऑक्साईड या तिघांची स्फटिकरचना व सच्छिद्रता भिन्न असल्यामुळे, सारख्या वजनाला त्यांची कामगिरी सारखी असत नाही.

नागपूरच्या हवेत हा प्रयोग करणाऱ्याला आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. जानेवारीतील सकाळी खोलीचे तपमान १५ अंश सेल्सिअस असेल आणि मे महिन्यातील दुपारी ४२ अंश, तर ५६ किलोज्यूलचा उंबरठा धरून हिशोब केला असता, आयोडाईडची तीच मात्रा मे महिन्यात जानेवारीच्या सुमारे सातपट वेगाने काम करील. दोन ऋतूंत केलेल्या प्रयोगांचे आकडे एकाच आलेखावर मांडून त्यांतून मात्रेविषयी निष्कर्ष काढणे सर्वथा अनुचित होय. त्यातच पेरॉक्साईडचे विघटन उष्णता बाहेर टाकणारे आहे. उत्प्रेरक भरपूर घातला की उष्णता निघून जाण्यापूर्वीच साठते, विद्राव तापतो, तापल्याने वेग आणखी वाढतो, आणि प्रयोगकर्त्याला दुप्पट मात्रेने वेग अडीच-तीन पट झाल्याचा भास होतो. हा वाढीव वेग मात्रेच्या खात्यावर नव्हे, तपमानाच्या खात्यावर जमा करावयाचा असतो. म्हणून पात्र पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवून आणि पहिल्या एक-दोन मिनिटांचाच वेग धरून तुलना करावी, हा या क्षेत्रातील जुना शिरस्ता आहे.

मात्रा वाढवीत गेले तर वेग अमर्याद वाढत राहील काय? विद्रावात पूर्ण मिसळलेल्या उत्प्रेरकाच्या बाबतीत सरळ रेषा बरीच दूरपर्यंत चालते, परंतु घन उत्प्रेरकाच्या बाबतीत ती लवकरच वाकू लागते आणि शेवटी जवळजवळ आडवी होते. वऱ्हाडातील एखाद्या जिनिंगच्या कारखान्यात रेचे वाढविले, की तेवढ्या प्रमाणात रुई लवकर निघू लागते. पण आवारात कापसाच्या गाड्या ज्या गतीने येतात त्या गतीची मर्यादा गाठल्यावर, पुढे बसविलेला प्रत्येक रेचा केवळ वाट पाहत उभा राहतो. विक्रियेतही, पृष्ठभाग एवढा विपुल झाला की त्यावर येऊन पोचणाऱ्या रेणूंचाच तुटवडा पडतो, तेव्हा वेग उत्प्रेरकाच्या स्वाधीन न राहता रेणूंच्या वहनाच्या स्वाधीन होतो. अशा अवस्थेत अधिक उत्प्रेरक घालण्यापेक्षा विद्राव जोराने ढवळणे अधिक फलदायी ठरते.

तेलाच्या हायड्रोजनीकरणात ही मर्यादा जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल, आणि हा विषय नागपूरच्या अगदी घरचा आहे, कारण लक्ष्मीनारायण संस्थेत रासायनिक अभियांत्रिकीच्या बरोबरीने तेल तंत्रविज्ञानाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालत आलेला आहे. फ्रान्सचे पॉल साबात्ये यांनी बारीक निकेलच्या सान्निध्यात असंतृप्त संयुगांशी हायड्रोजनचा संयोग घडवून आणला आणि त्यासाठी १९१२ साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. जर्मनीचे व्हिल्हेल्म नॉर्मन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ती पद्धत द्रवरूप तेलांना लागू करून तिचे एकस्व घेतले. सरकी किंवा भुईमूग यांचे तेल बंद पात्रात तापवून, त्यात निकेलची अत्यंत सूक्ष्म भुकटी तरंगत ठेवून, हायड्रोजन वायू दाबाखाली सोडला म्हणजे तेल घट्ट होऊ लागते. आपल्या घराघरांत पोचलेले वनस्पती तूप याच मार्गाने जन्मास आले. निकेलचे प्रमाण तेलाच्या वजनाच्या हजारांशाहूनही सामान्यतः कमी असते. या अल्प प्रमाणातही ते वाढविले तर प्रारंभी वेग त्याच प्रमाणात वाढतो. परंतु निकेलपर्यंत पोचण्यापूर्वी हायड्रोजनला आधी तेलात विरघळावे लागते, आणि त्याची विद्राव्यता फारच थोडी असल्यामुळे, एका मर्यादेनंतर निकेल विपुल आणि हायड्रोजन अपुरा अशी अवस्था येते. तेथून पुढे निकेल घालणे म्हणजे महागडा धातू वाया दवडणे.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. हायड्रोजनसाठी आसुसलेल्या पृष्ठभागावर तेलाच्या रेणूचा द्विबंध अर्धवट उघडतो, पण पुरेसा हायड्रोजन न मिळाल्यामुळे पुन्हा मिटतो, आणि मिटताना कित्येकदा त्याची मूळची वाकडी ठेवण जाऊन सरळ ठेवण येते. अशा सरळ ठेवणीच्या मेदाम्लांनाच ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. हृदयविकाराशी असलेल्या त्यांच्या संबंधामुळे खाद्यतेले व स्निग्ध पदार्थ यांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर असू नये, असा नियम भारतात २०२२ पासून अंमलात आला आहे. तपमान, दाब व ढवळण्याचा जोर यांचा यात मोठा हात असतो हे खरे, तरीही हायड्रोजनच्या पुरवठ्याशी उत्प्रेरकाची मात्रा विसंगत झाली की तिचा परिणाम वेगावर आणि पदार्थाच्या गुणावर असा दोन्हीकडे होतो. ‘उत्प्रेरक केवळ वेग बदलतो’ हे सूत्र जेथे एकच विक्रिया चालू असते तेथे निरपवाद आहे. जेथे दोन विक्रियांची स्पर्धा असते, तेथे एकीचा वेग दुसरीहून अधिक वाढला की हाती येणारा मालच बदलतो.

तेलात फॉस्फरसयुक्त चिकट द्रव्ये, साबणाचा अंश किंवा गंधकाची संयुगे उरली असतील, तर ती निकेलच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि त्याचा काही भाग निकामी करतात. तराजूने सांगितलेली मात्रा आणि विक्रियेला प्रत्यक्ष उपलब्ध असलेली मात्रा यांत अशा वेळी मोठी तफावत पडते. म्हणून जाणता तंत्रज्ञ निकेल वाढविण्याऐवजी आधी तेलाची शुद्धी पाहतो.

सजीवांच्या शरीरातील विकरांनाही हे नियम लागू पडतात. लिओनोर मिकेलिस व मॉड मेंटेन यांनी १९१३ साली बर्लिनमध्ये ज्या विकरावर आपले प्रसिद्ध काम केले, ते विकर साखरेचे तेच विघटन घडविणारे होते, जे विल्हेल्मी यांनी अम्लाने घडविले होते. विकराची मात्रा वाढविली की वेग त्या प्रमाणात वाढतो; विकर तेवढेच ठेवून साखर वाढवीत गेले, तर मात्र विकराचा प्रत्येक रेणू गुंतून पडतो आणि वेग एका कमाल मर्यादेशी येऊन स्थिरावतो.

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत उत्प्रेरकाची मात्रा प्रयोगकर्त्याने ठरविलेली होती. पण अशीही विक्रिया आहे, की जिच्यात ही मात्रा विक्रियाच स्वतः वाढवीत नेते, आणि तिचे सर्वांत सुंदर उदाहरण पुन्हा मँगनीजनेच पुरविले आहे. विहिरीत टाकण्याचे लाल औषध म्हणून जुन्या पिढीला परिचित असलेले पोटॅशियम परमँगनेट, सौम्य गंधकाम्ल घातलेल्या ऑक्झॅलिक अम्लाच्या विद्रावात थेंबथेंब सोडले, तर पहिल्या थेंबाचा जांभळा रंग बराच वेळ रेंगाळतो, दुसऱ्याचा त्याहून कमी, आणि पुढचे थेंब पडताक्षणीच नाहीसे होऊ लागतात. वास्तविक, ऑक्झॅलिक अम्ल खर्ची पडत असल्यामुळे वेग उत्तरोत्तर मंदावला पाहिजे. तो वाढतो, कारण परमँगनेटचे क्षपण होऊन जे द्विसंयुजी मँगनीज आयन तयार होतात तेच या विक्रियेचे उत्प्रेरक आहेत. आरंभी चिमूटभर मँगनीज सल्फेट मिसळून पाहावे, म्हणजे पहिला थेंबही रेंगाळत नाही. हार्कोर्ट व एसन यांनी ऑक्सफर्ड येथे १८६६ साली या विक्रियेचा वेग मोजला होता. महाविद्यालयांतून अनुमापनाचा पाठ घेणारे हजारो विद्यार्थी दर वर्षी हा चमत्कार डोळ्यांनी पाहतात, पण ‘तपमान साठ-सत्तर अंशांवर ठेवा’ एवढी सूचना त्यांना मिळते आणि रंग का रेंगाळला हे विचारण्याची उसंत मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते. उत्प्रेरकाची संहती शून्यापासून वाढत जाताना वेग कसा बदलतो, हे कोणत्याही उपकरणाशिवाय दाखविणारा याहून सोपा प्रयोग रसायनशास्त्रात क्वचितच असेल.

पाण्याच्या परीक्षणाचे उदाहरण देऊन हा विषय पुरा करतो. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेली आणि १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात ‘नीरी’, या नावाने ओळखली जाणारी संस्था ज्या क्षेत्रात काम करते, तेथे सांडपाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे: पाण्याचा नमुना तीव्र गंधकाम्ल व डायक्रोमेट यांच्यासह दोन तास उकळत ठेवावयाचा आणि किती डायक्रोमेट खर्च झाले ते पाहावयाचे. त्यात सिल्व्हर सल्फेट हा उत्प्रेरक असतो. त्याच्याविना काही सेंद्रिय अम्ले ठरलेल्या दोन तासांत पुरती जळत नाहीत, आणि नदीचे पाणी आहे त्याहून स्वच्छ असल्याचा खोटा दाखला मिळतो. पाण्यात क्लोराईड अधिक असले तर ते चांदीला अवक्षेपित करून उत्प्रेरकाची मात्रा घटविते. म्हणून त्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

शाळांतील विज्ञानशिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की पेरॉक्साईड व मँगनीज डायऑक्साईडचा प्रयोग दाखविताना भुकटी चिमटीने न टाकता तोलून टाकावी, विद्यार्थ्यांकडून निदान चार वेगवेगळ्या वजनांचे आकडे टिपून घ्यावेत, प्रत्येक नोंदीपुढे तपमान लिहावयास लावावे, आणि आलेखाची रेषा सरळ कोठपर्यंत राहते व कोठे वाकते, हे त्यांनाच शोधू द्यावे. यासाठी ३ टक्क्यांहून तीव्र पेरॉक्साईड कदापि वापरू नये, आणि वायूला बाहेर पडण्याची वाट कोणत्याही क्षणी बंद होऊ देऊ नये.